बाळबोध म्हणजे बरां

काही शब्द सकाळी शाल पांघरून घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी परत येतात तेव्हा अंगात सदराही नसतो. 'बाळबोध' हा त्यातलाच एक. लग्नाच्या जाहिरातीत 'मुलगी बाळबोध वळणाची' असं छापून आलं की मुलाची आई चष्मा पुसून पुढचं वाचते. तेच नाटकाबद्दल 'मांडणी बाळबोध आहे' असं छापून आलं की नाटक लिहिणारा आठवडाभर चहाच्या टपरीवर दिसत नाही. पातवाडीच्या शिवा पेंटरला या शब्दाचा सकाळचा अवतार तेवढा ठाऊक होता. संध्याकाळचा अवतार भेटला तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले होते, आणि तो शब्द घराच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने रंगवून तो बसलेला होता.

पातवाडी म्हणजे मालवणच्या बाजूची, माडांखाली दडलेली मच्छीमारांची वाडी. अशा वाडीत जन्माला येऊन शिवाला बोट लागायची. पाण्यात दहा हात गेला की ओकारी. बाप रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढून आयुष्यभर पाठीतून वाकलेला. त्याला हा मुलगा म्हणजे देवाने केलेली चेष्टा वाटायची. "माशाच्या पोटाक पाण्याची भीती," असं तो येईल त्याला सांगायचा. शाळेतही उजेड नव्हता. गणिताच्या तासाला शिवा खिडकीतून होड्या मोजायचा आणि तीही बेरीज चुकायची.

एकच गोष्ट होती. अक्षर. सामंत गुरुजींनी एकदा त्याची पाटी उचलून वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "याला म्हणतात बाळबोध अक्षर." मग स्वभावाप्रमाणे गुरुजी विषय सोडून लांब गेले. पूर्वी कागदपत्रं मोडीत लिहायचे. मोडी म्हणजे घाईत असलेल्या माणसाने घाईत असलेल्या माणसासाठी लिहिलेलं, एका अक्षराचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. आणि बाळबोध म्हणजे एकेक अक्षर सुटं, ताठ, डोक्यावर रेघ घेऊन उभं. शेंबड्या पोरालाही बोध होईल असं. "शिवा, हे जप," गुरुजी म्हणाले. शिवाला त्या शाळेत मिळालेलं हे एकच बक्षीस. सातवीनंतर शाळेने शिवाला सोडलं आणि शिवाने शाळेला, पण तो शब्द त्याने सोडला नाही. इतरांच्या घरात दहावीचं सर्टिफिकेट असतं, तसा त्याच्या घरात तो शब्द होता. फ्रेम नव्हती एवढंच.

पुढे तो होड्यांवर नावं रंगवायला लागला. गेरूत भिजवलेल्या दोरीने रेघ मारायची, खडूने अक्षरं मांडायची आणि मग ब्रश. त्याचा नियम एकच होता, दोन लाटांच्या पलीकडल्या माणसाला नाव वाचता आलं पाहिजे. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कमळ, मासा, कधी देवी. आता खरं सांगायचं तर शिवाची अक्षरं जेवढी चोख, तेवढी चित्रं नव्हती. त्याची सगळी माणसं समोर बघायची, जणू आधारकार्डाचा फोटो काढायला बसली आहेत. देवीचे डोळे कानापर्यंत जायचे. आणि सिंहाबद्दल तर बोलायलाच नको. शिवाने सिंह कधी पाहिला नव्हता, वाडीतली कुत्री रोज पाहायचा. त्यामुळे तरुणपणी त्याने देवळाच्या भिंतीवर जी देवी काढली, ती ज्याच्यावर बसली होती तो सिंह हुबेहूब तांडेलांच्या मोत्या कुत्र्यासारखा होता. आयाळ असलेला मोत्या.

पण नारळी पुनवेनंतर पहिल्यांदा समुद्रात जाताना वाडीतले सगळे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, त्याच भिंतीसमोर उभे राहायचे. गाभाऱ्यातली देवी काळोखात असते, तिचं तोंड पुजाऱ्याला तेवढं दिसतं. बाकीच्यांची देवी ती भिंतीवरची, कानापर्यंत डोळ्यांची. नवस तिला, गाऱ्हाणं तिला. पलीकडे खांबाला टेकून शिवा उभा असायचा. समुद्रात न गेलेला माणूस वाडीच्या कामाला आला तो एवढाच.

मग देवळाचा सभामंडप, ज्याची ती भिंत, जुना झाला म्हणून पाडायचं ठरलं. वाडीतली जी माणसं मुंबईला असतात त्यांच्या मंडळाने मनावर घेतलं. भिंत पडली, तिच्याबरोबर देवी पडली, मोत्या पडला. नवी भिंत उभी राहिली, गुळगुळीत, पांढरी, जुनीपेक्षा दुप्पट. लोकांना ती पांढरी भिंत दिसायची. शिवाला तिच्यावर आपली राहून गेलेली चूक दुरुस्त करायची जागा दिसायची.

"ह्या येळीक सिंह सिंहासारखो काढतलंय," तो बायकोला म्हणाला.

आनंदीबाई बाजारात मासे विकायची. तिला रोखठोक बोलायची सवय होती. "पयल्यांदा भिंत तुमका देतत काय तां बगा. मगे सिंहाचा बगू."

"माका नाय देतले तर कोणाक देतले?"

मंडळाने मुंबईहून एक जण पाठवला. स्वरूप त्याचं नाव. मोठ्या हॉटेलांच्या आतली सजावट करायचा. पातळ फ्रेमचा चष्मा, पायात चामड्याच्या महागड्या चपला, बोलणं मऊ. कुणाला दुखवू नये असं शिकवणाऱ्या घरात वाढलेला. शिवाने त्याला दाखवायला एका प्लायवूडवर नमुना रंगवून आणला होता. सिंहावर देवी, मागे समुद्र, समुद्रात होड्या, प्रत्येक होडीवर वाचता येईल असं नाव. देवळाच्या कमिटीची माणसं कडेला उभी. अध्यक्ष विठोबा तांडेल, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते प्लास्टिकच्या खुर्चीत.

स्वरूप हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, प्रामाणिक आहे हो. खूपच प्रामाणिक काम आहे."

शिवाने मान खाली घातली.

"फक्त, कसं सांगू... शैली जरा बाळबोध आहे."

शिवाची मान झटक्यात वर आली. "काय म्हटल्यात?"

स्वरूप गडबडला. "नाही, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका..."

"वायट कित्या वाटात? बाळबोध म्हटल्यात मा?"

"हो. म्हणजे थोडीशी."

"थोडीशी नाय हो साहेब, पुरी आसा! शाळेपासून आसा!" शिवाने दोन्ही हात जोडले. "सामंत गुरुजी गेले त्याका किती वरसां झाली. त्यांच्यामागे तुमीच वळखल्यात."

नाकारल्यावर इतका खूश झालेला माणूस स्वरूपने मुंबईत पाहिला नव्हता. तो हसला. काय करणार? शिवा हसला. आबाही त्याच शाळेत शिकलेले, त्याच गुरुजींच्या हाताखाली. त्यांनी मांडीवर थाप मारली. "आयकलास मा सगळ्यांनी? मुंबैच्या मानसान सर्टिफिकेट दिल्यान!" मग जमलेले सगळेच हसले आणि सगळ्यांचा चहा झाला.

घरी येताना शिवाने बांगडे घेतले. मासे विकणाऱ्या बायकोच्या घरी नवरा बाहेरून मासे विकत घेऊन आला. त्यावरून त्याची काय अवस्था होती ते समजावं.

"बाळबोध म्हटल्यान," तो उंबऱ्यातूनच ओरडला.

"आणि काम? काम दिल्यानी?"

"आता बाळबोध म्हटल्यान म्हणजे दिल्यानीच मा!"

"म्हटल्यान तां आयकलंय मी. दिल्यानी काय तां इचारतंय."

शिवा तिच्याकडे दयेने बघायला लागला. बाजारात बसणाऱ्या बाईला कलेतलं काय कळणार? दुसऱ्या दिवशी त्याने रस्त्याकडची भिंत घासून घेतली आणि लाल रंगाने लिहिलं, 'शिवा पेंटर. बाळबोध शैलीत बोर्ड व देवदेवतांची चित्रे काढून मिळतील.' 'शैली' हा शब्द त्याला स्वरूपकडून नवा मिळाला होता. तोही त्याने वाया घालवला नाही.

इकडे कमिटीची बैठक झाली. तिथे काय झालं ते शिवाला फार नंतर कळलं, पण ते असं झालं. सेक्रेटरी सुदेश ओरोसला एका ऑफिसात कामाला होता आणि कमिटीच्या खुर्चीत बसला की त्याची भाषा आपोआप इस्त्री होऊन यायची. तो म्हणाला, "आबा, एक गैरसमज झालेला आहे. बाळबोध हे कौतुक नव्हे. साहेबांनी शिवाकाकांचं काम नाकारलेलं आहे."

आबा खुर्चीत सरळ झाले. "मगे हसत हसत कित्या सांगल्यान?"

"सभ्य माणसं तशीच सांगतात."

"पण गुरुजी तर..."

"गुरुजी अक्षराला म्हणाले, आबा. चित्राला बाळबोध म्हटलं की त्याचा अर्थ पोरकट. लहान मुलाने काढल्यासारखं. पिकलेलं नाही असं."

आबांनी मांडीवरचा हात उचलून घेतला. आपणही त्या दिवशी मांडीवर थाप मारली होती हे त्यांना आठवलं असावं. मग म्हणाले, "शिवाक कोण सांगतलो?"

सगळे जण नव्या लाद्यांकडे बघायला लागले. लाद्या चांगल्या बसल्या होत्या.

"सुदेश, तू शिकलेलो."

"मी सेक्रेटरी, आबा. मी फक्त लिहून घेतो."

"मगे मी अध्यक्ष. मी फक्त सही करतंय."

असं करून त्यांनी एक तोड काढली, आणि वाईट याचंच वाटतं की ती त्यांनी चांगल्या मनाने काढली. शिवाचा मुलगा ओंकार कुडाळला फ्लेक्स आणि प्रिंटिंगचं दुकान चालवायचा. भिंतीवर आता मोठं छापील चित्रच लावायचं होतं, स्वरूपने पाठवलेलं. ते छापायचं काम ओंकारला द्यायचं. म्हणजे काम शिवाच्या घरातच राहील. बापाला सांगायचं ते मुलगा सांगेल. सगळ्यांना हायसं वाटलं.

ओंकार सांगणार होता. दर रविवारी घरी यायचा तेव्हा सांगणारच होता. पण बाप पडवीत प्लायवूडवर सिंहाचे पंजे गिरवत बसलेला असायचा आणि त्याला बघून म्हणायचा, "ओंकार, आयाळ अशी पिंजारलेली आसता काय चापून बसलेली?" ओंकार म्हणायचा, "पिंजारलेली." आणि जेवून कुडाळला परत जायचा.

वाडीला मात्र एव्हाना सगळं कळलं होतं. वाडीला कळायला वेळ लागत नाही; वेळ लागतो तो ज्याच्याबद्दल कळलंय त्याला. शिवा किनाऱ्यावर दिसला की जाळी विणणारी पोरं ओरडायची, "इलो रे बाळबोध!" शिवा पुढाऱ्यासारखा हात वर करायचा. टपरीवाला विचारायचा, "काय बाळबोध, चहा कसो? साधो काय शैलीत?" शिवा म्हणायचा, "शैलीत!" आणि टपरी हसून लोळायची. शिवाही हसायचा. इतक्या वर्षांत वाडीने त्याला एवढ्या आवाजात हाक मारली नव्हती.

श्रावण लागला. हा शिवाचा खरा हंगाम. मासेमारीची बंदी उठायच्या आधी होड्या आणि ट्रॉलर रंगून निघायला हवेत. निलेश आला, त्याच्या ट्रॉलरचं नाव शिवाने त्याच्या बापाच्या वेळेपासून रंगवलेलं.

"शिवाकाकानू, पुनवेच्या आत नाव काढूक व्हया."

"औंदा जमाचां नाय रे. देवीचां काम आसा."

निलेश एवढा आडदांड माणूस, पण पायाने वाळू उकरायला लागला. "काकानू, तुमका कोणी सांगलां नाय काय..."

"काय सांगूक व्हया?"

निलेशने पडवीतल्या सिंहाकडे बघितलं. सिंह या खेपेला खरंच बरा जमत आला होता. मोत्याचा अंश आता फक्त कानात उरला होता. "काय नाय," निलेश म्हणाला. "बरो झालो सिंह."

तो गेला आणि रेडियमचं चमचमणारं नाव चिकटवून घेऊन आला. त्याच्यामागे दुसरे आले, त्यांनाही शिवाने तेच सांगितलं. त्यांनीही नावं चिकटवून घेतली. पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या तेव्हा किनाऱ्यावर शिवाच्या हाताचं नवं एकही नाव नव्हतं. शिवाने ते मनाला लावून घेतलं नाही. देवीचं काम हातात असलेल्या माणसाने होड्यांचं काय मनाला लावून घ्यायचं?

सिंहाचे कान तेवढे अडले होते. ओंकारच्या कॉम्प्युटरवर सिंह चारी बाजूंनी बघता येईल, म्हणून एक दिवस तो एसटीत बसून कुडाळला गेला. दुकानात ओंकार नव्हता, चहाला गेला होता. कॉम्प्युटरवर काम करणारी सलोनी होती. तिच्यासमोर पडद्यावर एक देवी होती. गोरी, गुलाबी, नखांना रंग लावलेली, भुवया कोरलेल्या, मागे सोनेरी उजेड. आणि खाली सिंह. त्याचा एकेक केस मोजून घ्यावा असा.

"गो सलोनी," शिवा खुर्ची ओढत म्हणाला, "कान जरा मोठे करून दाखय. मस्त सिंह गावलो. ही खंयची देवी?"

सलोनी मान न वळवता म्हणाली, "काका, असां काय इचारतास? तुमच्याच वाडीची. सभामंडपाची. आज छपाईक जातली."

शिवाने ओढलेली खुर्ची सोडून दिली. तेवढ्यात दारात ओंकार उभा राहिला, हातात चहाचा ग्लास. बापाला बघितलं, पडदा बघितला.

"बाबा, तुमी कधी इलात?"

"ह्या काय आसा?"

"मी सांगणार होतंय..."

"ह्या माझ्या भिंतीचां आसा?"

"बाबा, त्यांनी तुमका नाय म्हटल्यानी. त्याच दिवशी. बाळबोध म्हटल्यानी मा?"

"होय. म्हटल्यानी. मगे?" शिवाचा आवाज चढला. "बाळबोध म्हणजे बरां! गुरुजींनी सगळ्या वर्गात..."

"बाबा," ओंकारने ग्लास काउंटरवर ठेवला, "चित्राक बाळबोध म्हटला तर बरां नसता. बाळबोध म्हणजे... पोराटकीचां."

दुकानात प्रिंटर चालू होता. तो मागे-पुढे मागे-पुढे करत कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर ओकत होता.

"तुका म्हायत होतां?"

"होय."

"आणि ह्या काम तू घेतलंस."

"मी नाय घेतलंय असतंय तर कणकवलीक गेला असता. आबा म्हणाले, घरातच रवांदेत."

"घरातच," शिवा म्हणाला. त्याने पडद्याकडे परत एकदा बघितलं. सिंहाचे कान बघितले. ते गोल होते. तो आपले टोकदार काढत होता.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर त्याने काही बघितलं नाही. मागचे सगळे दिवस त्याच्या कानात नव्याने वाजायला लागले होते. तेच शब्द, तीच माणसं, फक्त आवाज आता उलटा. 'इलो रे बाळबोध!' त्याने हात वर केला होता. 'साधो काय शैलीत?' त्याने 'शैलीत' म्हटलं होतं, वर स्वतः हसला होता. निलेशने वाळू का उकरली ते आत्ता कळलं. आबांनी रस्ता बदलला होता एकदा, त्याला वाटलं होतं की घाईत असतील. आणि त्याहून मागे, पार शाळेपर्यंत. गुरुजींनी पाटी वर धरली तेव्हा वर्ग हसला होता. ते हसू आनंदाचं होतं की आणखी कशाचं, हे आता सांगणारं कोणी उरलं नव्हतं. एवढ्या जुन्या गोष्टीवरही संशय आला, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने आनंदीबाईला विचारलं, "तुका म्हायत होतां?"

ती कोयती धूत होती. "बाजारात सगळ्यांका म्हायत होतां."

"मगे माका सांगलंस नाय?"

"कसां सांगू? किती वरसांनी तुमी हसत जेवत होतात."

दुसऱ्या दिवशी तिने शेजारून चुना आणला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर फासायला घेतला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे तिला चाळीस वर्षं पेंटरची बायको असूनही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही राग कुठेतरी काढायचा होता. ओला होता तोवर सगळं झाकलं. वाळल्यावर पोपडे पडले आणि बाकीची अक्षरं अर्धवट राहून 'बाळबोध' तेवढं लख्ख वर आलं. शिवाने बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हवांदे." प्लायवूडवरचा सिंह त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ठोकला. कान तसेच टोकदार.

नवरात्राच्या आधी सुदेश घरी आला. चपला उंबऱ्याबाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसला. "काका, कमिटीची एकमुखी इच्छा आहे की तुमच्या हातचं काहीतरी देवळात असावं."

"देवळात?"

"म्हणजे... पायरीपाशी. बाहेरच्या बाजूला. 'चपला येथे काढाव्यात' असा एक बोर्ड हवा होता."

चुलीपाशी आनंदीबाईने भांडं आपटलं. "सुदेशा, तो पण छापून घे मरे! माझ्या झिलाकडे मशीन आसा!"

"काकी, मानाची गोष्ट आहे म्हणून..."

"मान चपलेकडे ठेवतास?"

शिवाने हाताने तिला थांबवलं. "करतंय," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा एवढंच म्हणाला, "दार देवीचांच आसा मा."

बोर्ड घेऊन बसला तेव्हा मनात एक गंमत आली होती. वाकडंतिकडं लिहावं. एकात एक गुंतवून, शेपट्या काढून, मुंबईला आवडेल असं. कुणालाच वाचता येऊ नये आणि सगळी वाडी चपलांसकट देवीपुढे जावी. त्याने पहिलं 'च' तसं काढायला घेतलंही. पण हात वाकडा जाईना. आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेला हात; त्याला टोमणा मारता येत नव्हता. त्याने ते पुसलं, गेरूची दोरी ताणली, आणि लिहिलं. दोन लाटांच्या पलीकडून वाचता आलं असतं असं.

उद्घाटनाला मुंबईहून गाड्या आल्या. भिंतीवरची छापील देवी दिव्यांच्या उजेडात झळकत होती, आणि लोकांना ती आवडली. हेही सांगायला हवं. बायका एकमेकींना ढकलून तिच्यासोबत फोटो काढत होत्या. म्हातारी तुळसा तेवढी बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग शेजारणीला म्हणाली, "गो, ही आमच्याकडे बगीत नाय. कॅमेऱ्याकडे बगता." पण तुळसाला मोतीबिंदू होता, त्यामुळे तिचं कुणी धरलं नाही.

शिवा आत गेला नाही. पायरीच्या खाली, आपल्या बोर्डाच्या बाजूला चपला काढून ओंकारबरोबर उभा होता. येणारा प्रत्येक माणूस वर बघायचा, ओठ हलवून वाचायचा आणि चपला काढायचा. अजून न शिकलेली पोरंसुद्धा मोठ्यांची बोटं धरून 'च... प... ला...' करत होती. ढीग वाढत होता.

स्वरूप बाहेर आला. आपल्या चामडी चपला शोधता शोधता त्याची नजर वर गेली आणि तो थांबला. "अरे! हे लेटरिंग कुणाचं?"

"शिवाकाकांचं," सुदेश पुढे होऊन म्हणाला, जणू स्वतःच काढलं होतं.

स्वरूपने मोबाइल काढला. आधी उभा फोटो घेतला, मग आडवा. मग चपलांच्या ढिगासकट. "काय सुंदर आहे हो! काका, हे आजकाल बघायला मिळत नाही. एकदम ऑथेंटिक!"

सगळ्यांनी शिवाकडे बघितलं. आबांनी बघितलं, निलेशने बघितलं, टपरीवाल्याने बघितलं. या खेपेला स्वरूप मनापासून बोलत होता. ओंकारला ते स्पष्ट दिसत होतं आणि तो बापाच्या कोपराला हळूच हात लावत होता.

शिवाने हात जोडले नाहीत. त्याने स्वरूपच्या तोंडाकडे नीट बघितलं, दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं.

"ऑथेंटिक," तो म्हणाला. "म्हणजे नको, असां मा?"

स्वरूप खळखळून हसला. "काका, तुम्ही भलतेच गमतीदार आहात!" मग बाकीचेही हसले, त्या दिवशीसारखेच.

"बाबा," ओंकार खालच्या आवाजात म्हणाला, "बरां म्हणतत ते. खराच बरां म्हणतत."

"तू गप," शिवा म्हणाला. "तेवा गप ऱ्हवलंस, तसोच ऱ्हव."

आणि तो चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधायला वाकला. तो सगळ्यांच्या आधी आला होता, त्यामुळे त्या पार खाली गेल्या होत्या.